तिसऱ्या मजल्याचा कोपरा

गोडदेवात गिरिजा शिगवण हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. चित्रकलेच्या बाई म्हटलं की रिक्षावालाही नेमक्या गेटपाशी आणून सोडतो. शाळेतलं तासिकेवरचं काम सुटलं तेव्हा बाई पंधरा दिवस देवापुढे नुसत्या बसून होत्या. सोळाव्या दिवशी सोसायटीची तळमजल्यावरची रिकामी खोली त्यांनी झाडली आणि चार पोरं घेऊन बसल्या. त्याला एकोणीस वर्षं झाली. पाच वाजले की दिवा लावायचा, पोरांनी हात जोडायचे, मग पेन्सिली काढायच्या.

एक नेम मात्र उपासासारखा पाळलेला. मुलाच्या चित्राला आपला हात लावायचा नाही. दाखवायचं तर आपल्या कागदावर दाखवायचं. "आपण एक रेघ मारून दिली की पोर पुढच्या रेघेला आपलीच वाट बघतं," असं त्या म्हणत.

ती खोली यंदा जाणार होती. टू-व्हीलर लावायला जागा नाही, खोलीचं दार काढून आत गाड्या लावू, असं निम्म्या सभासदांचं म्हणणं होतं. सेक्रेटरी दशरथ म्हात्रे माणूस वाईट नव्हता. त्यानेच तोड काढली.

"बाई, पोरांकडून जिन्याच्या कोपऱ्यांत देव रंगवून घ्या. शेजारच्या बिल्डिंगीत टाइल बसवल्यात ना, तसे. गुटख्याच्या पिचकाऱ्या थांबल्या तर मी सभेत तुमच्या बाजूने बोलतो."

त्या टाइल बाईंना माहीत होत्या. संकष्टीला एका मुलीच्या घरी जाताना देवाच्या पावलांवर लाल ओघळ दिसला होता. पदराचं टोक ओलं करून त्यांनी तो पुसला होता आणि त्या रात्री उपास न सोडताच त्या झोपल्या होत्या.

"देवाला राखणीला नाही बसवायचं, दशरथभाऊ. तेही थुंकीच्या."

"मग काय फुलं काढणार? फुलांना लोक पाणी घातल्यासारखं घालतील."

"काय काढायचं ते पोरं ठरवतील."

"ठरवू दे. पण सभा पंधरा दिवसांवर आलीये. एक डाग दिसला तरी माझ्या हातात काही राहणार नाही, आत्ताच सांगतो."

बाईंनी पोरांना विचारलं, "कुणावर थुंकायला माणूस कचरेल रे?"

"पोलीस," अथर्व म्हणाला.

"जिग्नाआंटी," इशिता म्हणाली. "पोलीस तरी सोडेल."

पोरं हसली आणि ठरूनच गेलं. कोपऱ्याकोपऱ्यात बिल्डिंगीतलीच माणसं काढायची. पहिल्या वळणावर जिना झाडणाऱ्या अनसूयाबाई आल्या, दुसऱ्यावर जिग्नाआंटी लाटणं घेऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्या मजल्याचा कोपरा सर्वांत वाईट, चुना लावला तरी खालून लाली वर यायची. तो सान्वीने मागून घेतला. नऊ वर्षांची पोर, बोलायची कमी, बघायची फार. तिने आपले पप्पा काढले.

रविवारी दुपारी पोरं जेवायला गेली आणि बाई एकेक चित्र बघत वर आल्या. तिसऱ्या वळणावर त्यांचे पाय थांबले.

सान्वीचा बाप दिपेश हुबेहूब उतरला होता. हनुवटी वर, ओठ घट्ट मिटलेले आणि उजवा गाल लिंबाएवढा फुगलेला. तोंडात गुटखा धरून माणूस बोलायला बघतो, तसा. ही लाली कुणाची, हे बिल्डिंगीत सगळ्यांना माहीत होतं, बोलत मात्र कुणी नव्हतं. आता ते भिंतीवर आलं होतं. दिपेश तापट. खोली गाड्यांना द्या म्हणणाऱ्यांत त्याचाच आवाज मोठा. त्याने हे पाहिलं की पोरीचा क्लास बंद, आणि सभेत खोलीही गेलीच.

ब्रश तिथेच पाण्यात होता. गालावर दोन हात फिरवले की झालं, सान्वीला कळलंही नसतं. बाईंनी ब्रश उचलला. पाण्याचा थेंब त्यांच्या पावलावर पडला. मनात देवाचं नाव घेतलं, ब्रश परत ठेवला आणि त्या तिथेच पायरीवर बसल्या.

सान्वी जेवून आली.

"पप्पा असेच दिसतात?" बाईंनी विचारलं.

"माझ्याशी बोलताना असेच दिसतात. वर बघून." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "चुकलं का?"

"नाही. डोळे छान जमलेत."

दिपेश संध्याकाळी कुरियरच्या गोदामातून आला. बाई वरच्या पायरीवर ब्रश पुसत होत्या. तो वळणावर आला, सवयीने कोपऱ्याकडे वळला आणि स्वतःच्याच समोर उभा राहिला. तोंड भरलेलं. बोलता येईना, थुंकता येईना. चित्रातली हनुवटी वर आणि ह्याचीही वर. तो दोन-दोन पायऱ्या चढत घरात गेला. आतून चूळ भरल्याचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा शर्टावर पाणी सांडलेलं होतं.

"बाई, हे तुम्ही काढायला सांगितलंत?"

"नाही. कुणाला काढायचं हे तिचं तिने ठरवलं."

"पुसा ते."

"तिच्या चित्राला मी हात लावत नाही. तिला सांगा, ती पुसेल."

"सान्वी!"

पोर धावत आली. बापाच्या चेहऱ्याकडे, मग भिंतीकडे बघितलं. "पप्पा, गाल मोठा झाला का?"

दिपेशने शर्टावरचं पाणी झटकलं. "घरात चल. जेव," एवढंच बोलला.

पुढचे सात दिवस बाई रोज सकाळी जिना चढायच्या. हातात फडकं न्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. फडकं असलं की हात जाणार. सहा दिवस कोपरे कोरडे राहिले. सातव्या दिवशी, सभेच्या सकाळी, तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर लाल शिंतोडा दिसला. ओला होता. बाई तो तसाच ठेवून खाली आल्या.

सभा त्याच खोलीत भरली. दशरथने वही मिटली. "कोपरे स्वच्छ आहेत, खोटं कशाला बोलू. पण तिसऱ्याच्या पायरीवर एक डाग आहे. बोलणं झालं होतं, एक डागसुद्धा नाही." तो बाईंकडे न बघता बोलत होता.

बाईंनी मान खाली घातली. पोरांचे कागद-रंग कुठे ठेवायचे, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"तो माझा," मागून आवाज आला. दिपेश भिंतीला टेकून उभा होता. "घाईत होतो. कोपऱ्याकडे तोंड होईना, म्हणून पायरीवर गेलं. धुतो मी. पण माझ्या डागापायी पोरांची खोली काढू नका."

"अट म्हणजे अट," कुणीतरी म्हणालं.

"अरे, सेक्रेटरीभाई," जिग्नाआंटी उठल्याच, "इतने साल में कितने दाग गिने आपने? आज पहली बार कोई बोला कि मेरा है. और इसी को सजा?"

खोली हसली. खोली राहू द्या म्हणणाऱ्यांना दशरथने हात वर करायला सांगितलं. गाड्यांच्या बाजूचे चार हात खालीच राहिले, पण दिपेशचा वर होता. खोली पुढच्या सभेपर्यंत राहिली.

संध्याकाळी बाई दिवा लावून वर गेल्या. दिपेश बादली घेऊन पायरी घासत होता आणि सान्वी ब्रश घेऊन चित्रापुढे उभी होती.

"पप्पा, इकडे बघा. आज काही आहे तोंडात?"

"सुपारी आहे. नुसती."

सान्वीने डोळे बारीक करून बघितलं आणि गाल एका रेघेएवढा कमी केला.

"बस, एवढाच?" दिपेशने विचारलं.

"अजून आहे ना," ती म्हणाली.