शीतलचं वय कोणी सांगायचं

"मॅडम, आई म्हणते पोरगी एकोणीसची हाय, अन् तुम्ही म्हणता सतरा. मी कोणाचं लिहू?" जमादार पेन उघडून बसले होते.

मी मोफत विधी सेवेची वकील. नांदेडहून भोकर भागातल्या एका ठाण्यात आले होते. शिवणक्लासमधला मोबाईल गेला होता आणि संशय तिथे शिकणाऱ्या शीतलवर होता. तयार जबाब तिच्यापुढे ठेवलेला, फक्त सही राहिलेली.

अठराच्या आतलं कोणीही कायद्याने बालक. त्याची जबाबावर सही घेता येत नाही, लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. चौकशी साध्या कपड्यातल्या पोलिसाने करायची, आईवडिलांसमोर. वयासाठी आधी शाळेचा दाखला बघतात. तो मी येतानाच शाळेतून आणला होता. पाच मिनिटांचं काम वाटलं होतं.

"दाखला खोटा हाय," आई म्हणाली. "मास्तरनं अंदाजानं लिवला."

आमच्याकडे असं होतंही. अर्ध्या वर्गाचा जन्म एक जूनचा असतो. पण "लेकरू लहान हाय, सोडा" म्हणून रडणाऱ्या आया मी पाहिल्या होत्या. पोरगी मोठी आहे म्हणून भांडणारी ही पहिलीच. मला काही कळेना, रागही यायला लागला.

"ताई, एकोणीस लिहिलं तर तिला आत टाकू शकतात. समजतंय का?"

"हाव. पर एकोणीसच हाय."

मी शीतलला बाजूला घेतलं.

"मोबाईल म्या घेतला न्हाई," ती म्हणाली. मग हळूच, "पुढल्या महिन्यात लगीन हाय माझं. पाव्हण्यायला एकोणीस सांगितलंय."

आता उलगडलं. सतरा लिहिलं की लग्नच गुन्हा ठरणार. पण माझा गोंधळ वाढलाच. एकाच कागदाने पोरगी सुटणार होती आणि घरचं ठरलेलं लग्न मोडणार होतं. तिला काय हवंय हे मीही विचारलं नव्हतं. विचारलं.

ती सरळ जमादारांच्या टेबलाशी गेली. "सतरा लिवा. दाखला खरा हाय. मला लगीनबी नको, अन् मी सहीबी करत न्हाई."

जमादारांनी जबाब बाजूला सारला.

शीतल त्याच दुपारी आईबरोबर घरी गेली. मोबाईल क्लासच्याच कपाटात कापडांखाली सापडला. लग्नाचं मी बालकल्याण समितीला कळवलं, ते थांबलं. तिची आई माझ्याशी अजून बोलत नाही.

चौकशीला आईवडील जवळ हवेत, हे कायद्यात आहे. ते कोणाच्या बाजूने बसलेत, हे कायदा विचारत नाही. म्हणून वयाचा पहिला प्रश्न मी आता लेकरालाच विचारते.