प्रयागबाईनं फोडलेलं रान

भावांच्या वाटणीत चंपतरावाच्या हाती काहीच आलं नाही, तेव्हा तो नव्या बायकोला, प्रयागबाईला, घेऊन काटोलच्याही पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या पडीत जमिनीवर राहायला गेला. साल एकोणीसशे बासष्ट-त्रेसष्ट असेल. दोघांनी पळसाची खोडं खणून काढली, धोंडे वेचून शेताच्या कडेनं बांधाचे धुरे रचले. पहिलं पोर तिथंच तापानं गेलं.

मग मोहफुलं वेचताना अस्वलानं चंपतरावाला धरलं. जीव वाचला, दोन्ही डोळे गेले. पेरणीच्या तोंडावर वाघानं जोडीतला एक बैल नेला. प्रयागबाईनं जुवाची रिकामी बाजू स्वतःच्या खांद्यावर घेतली. चंपतराव मागून वखर दाबायचा आणि चाबूक ओढायचा. तो बैलाला लागला की बायकोला, हे त्यानं कधी विचारलं नाही.

पुढं विहिरीला पाणी लागलं, संत्र्याची झाडं धरली. आता चंपतरावाला वारस हवा झाला. प्रयागबाईला पुन्हा मूल झालंच नव्हतं. दुसऱ्या लग्नासाठी मुलगी बघायला आंधळ्याचा हात धरून तिलाच जावं लागलं. सुभद्रा आली, तिला मुलगा झाला. मेलेल्या पोराच्या मायची सावली बाळावर नको म्हणून चंपतरावानं प्रयागबाईचं अंथरूण गोठ्यात टाकायला लावलं.

वैशाखातल्या एका दुपारी त्यानं प्रयागबाईला संत्र्याच्या बगीच्यात न्यायला सांगितलं. तिनं त्याला धुऱ्यापलीकडे, तापलेल्या खडकाळ माळावर नेऊन बसवलं, पाणी आणते म्हणाली, आणि घरी येऊन तूर निवडत बसली.

थोड्या वेळानं हाका यायला लागल्या. सुभद्रा पोराला कडेवर घेऊन बाहेर आली.

"बाई, ते बलावून राहिले. तुमी जात काहून नाही?"

"बलावू दे," प्रयागबाई म्हणाली. "मले ऐकू येऊन राहिलं."

शेवटी सुभद्राच गेली. तो सापडला तेव्हा तळपाय भाजले होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता.

त्यानं कोणाकडे तक्रार केली नाही. फक्त प्रयागबाईच्या हातचं पाणी सोडलं. त्या रात्री तिनं अंथरूण घरात आणलं. कोणी अडवलं नाही.

सन ऐंशीच्या सुमाराला प्रयागबाई गेली. प्रेत अंगणात ठेवलं होतं. चंपतरावानं सुभद्राला आपला हात प्रेताच्या नाकापाशी धरायला लावला.

"गेली ना वं खरंच?"

"गेली."

त्यानं हात बराच वेळ तिथंच ठेवला. मग पाणी मागितलं आणि कोणी आणलं हे न विचारता घटाघटा प्याला.