मोठी आणि गौरीची पावलं

मोठी गणपतीच्या आधी आठ दिवस माणसांशी बोलत नसे, भिंतींशी बोलायची. ओल धरलेल्या भिंतीला थोपटून म्हणायची, "काय गं, यंदा पन फुगलीस? कोनी पानी पाजलं तुला?" मी ओसरीवरून ओरडायचो, "अगं, चहा!" तर तेही भिंतीलाच सांगायची, "ऐकलंस? यांना हात नाय दिले देवाने."

मोठी म्हणजे माझी बायको. तिघा भावांत मी थोरला, म्हणून ती मोठी. सगळं घणसोली गाव तिला मोठीच म्हणायचं, मीसुद्धा. ती गेल्यावर दाखला काढायला गेलो, कारकुनाने तिचं नाव विचारलं, तर मला चटकन आठवेना. लाज वाटली. वाटायलाच पाहिजे होती.

आमचं घर गावातलं सगळ्यात जुनं. स्वातंत्र्याच्या चळवळीत पोलिसांना चुकवून आलेली माणसं आमच्या माळ्यावर लपायची, तशी दारावर पाटी आहे. आता चारी बाजूंनी इमारती चढल्यात. सणाला ऐरोलीच्या ऑफिसांतली पोरं घराचे फोटो काढायला येतात. मोठी त्यांना दारातच अडवायची, "फोटो काढा, पन चपला भायेर. लपायला आलेले पन चपला भायेर काढूनच आलते." एकदा एकाने हसून विचारलं, "आजी, मग ते पकडले नाही गेले?" मोठी म्हणाली, "चपला चोरीला गेल्या, म्हनून वाचले."

दुकानातली आरास तिला चालत नसे. "ज्याला सुकता येत नाय ते फूल कसलं?" म्हणायची. गौरीची पावलं ती स्वतः काढायची. तांदळाच्या पिठाच्या पाण्यात मूठ बुडवायची, जमिनीवर टेकवायची, वर बोटाने पाच ठिपके. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत, चुलीपासून देव्हाऱ्यापर्यंत. शुगरने पाय सुजले तरी बसून सरकत काढायची.

गेल्या वर्षी पुतण्याने डेकोरेशनवाला आणला. पडदे, लायटिंग, प्लास्टिकचा मोगरा. "काकी, टेन्शन नको घेऊ, तू आता नुसती बस." मी पुतण्याच्या बाजूने. पावलांचे स्टिकर आणले होते, ते मीच चिकटवले. देव्हाऱ्यापासून सुरुवात केली आणि दाराकडे सरकत आलो. जिकडे सरकत होतो तिकडेच बोटं केली.

गौर घेऊन पोरी दारात उभ्या, सगळा गोतावळा जमलेला. मोठी खाली बघून म्हणाली, "आवो, गौर भायेर चालली की वो." सगळे हसले. मी भडकलो. चारचौघांत म्हणालो, "तुझी अक्कल घाल चुलीत. जन्मभर पीठ सांडलंस, आता तरी गप बस." ती बसली. स्टिकर खरवडून निघेनात. गौर त्या उलट्या पावलांवरूनच आत आली. त्यानंतर मोठी भिंतीशीही बोलली नाही.

दिवाळीच्या आधी ती गेली. गावात बायका कुजबुजल्या, पावलं उलटी पडली म्हणून. मूर्ख आहेत. ती शुगरने गेली, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पावलांनी माणूस मरत नाही. पण पावलं माझी चुकली होती, आणि गप ती बसली. हे बायकांना कळलं नाही, मला कळतं.

यंदा पुतण्याला मी सांगितलं, स्टिकर आणलेस तर घराबाहेर काढीन. मग सून पीठ कालवून बसली. थोड्या वेळाने ओल्या हातानेच माझ्यापुढे आली. "बाबा, आई पिठात अजून काय घालायच्या? माझं वाळलं की पोपडे निघतात."

मला माहीत नव्हतं. पन्नास वर्षं ते पिठाचं भांडं ओलांडून गेलो, वर 'वाटेत काय मांडलंय' म्हणून खेकसलो. आत काय आहे ते बघितलं नाही.

"धाकटीला विचार," म्हणालो. माझी धाकटी भावजय दारातच तेरडा निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मना काय म्हाईत? तिला इचारलं अस्तं तर दिसभर सांगत बसली अस्ती. कोनी इचारलं?"