खंडेनवमीचा स्क्रूड्रायव्हर

ओल्या कुंकवात भिजलेल्या तांदळाचा वास आला की मला आमचा जुना कॉम्प्युटर आठवतो. वडील वाळूजच्या एका कारखान्यात फिटर होते. तिथल्या ऑफिसातून निघालेला तो पिवळट, जाडजूड कॉम्प्युटर त्यांनी माझ्यासाठी आणला, पण "बिघडंल" म्हणून स्वतः कधी त्याला बोट लावलं नाही. त्या खंडेनवमीला त्यांनी आपली हत्यारं पाटावर मांडून पुजली आणि तितक्याच भक्तीनं मूठभर अक्षता कॉम्प्युटरच्या डब्यावर टाकल्या. त्या फटींतून आत गेल्या. मी बटण दाबलं तर पंखा खडखडला आणि सगळं बंद पडलं. कॉलेजचा माझा अख्खा प्रोजेक्ट त्यातच होता. मी ओरडले, "अण्णा, यातलं काय कळतं तुम्हाला?" पुजलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. तरी त्यांनी पाटावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, कपाळाला लावला आणि त्यालाच म्हणाले, "आज तुला हात लावत नसतेत, पण पोरीचं काम अडलंय. माफ कर." डबा उघडून त्यांनी चिमट्यानं एकेक लाल दाणा वेचला आणि पंखा पुन्हा गुणगुणायला लागला. त्यांनी हत्याराची माफी मागितली, मी त्यांची मागितली नाही. आज सकाळी पाटावर माझा लॅपटॉप ठेवला, तर थकलेले अण्णा मुठीत अक्षता घेऊन लांबच थांबले. मी त्यांचा हात धरून पुढं नेला आणि म्हटलं, "टाका अण्णा, खुशाल टाका."