घोड्याचं पोट

ऐंशीच्या दशकात व्हर्जिनियात माझी मुलगी घोडेस्वारी शिकायची. तबेल्याची मालकीण साठीची, अबोल बाई होती. एकदा एक घोडा सारखा मान वळवून पोटाकडे बघत होता, खुरानं जमीन उकरत होता. तिनं त्याच्या कुशीला कान लावला.

“आतडी गप्प आहेत. पोटशूळ.”

पशुवैद्याला फोन करून ती एका हातानं दोर धरून घोड्याला फिरवू लागली. दुसरा हात मात्र स्वतःच्या बरगडीखाली दाबलेला.

मी डॉक्टर, म्हणून विचारलं, “तुमचंही दुखतंय?”

“महिनाभर.”

“दाखवलं नाहीत?”

“घोड्याला बोलता येत नाही, म्हणून बघावं लागतं. मला बोलता येतं.”

“मग कुणाला सांगितलंत?”

तिनं घोड्याची मान थोपटली. “घोड्यांना.”

संध्याकाळी घोड्यानं लीद टाकली, आतडी पुन्हा चालू झाली, तेव्हाच ती हॉस्पिटलला यायला माझ्या गाडीत बसली.