खिडकीतले देव

गोंडराजांनी चंद्रपूरला कोट बांधला तो शत्रू अडवायला. आम्ही तो मुतायला वापरतो. शब्द घाण आहे, पण कोटाच्या पायथ्याशी एकदा उभे राहून बघा, आणि सोज्वळ शब्द सुचला तर मला कळवा. याच गावात नव्या बंगल्यांच्या कमानीवर त्या राजांचं चिन्ह, हत्तीवरचा सिंह, सिमेंटमध्ये ओतून बसवतात आणि त्याच्याखाली फोटो काढतात. मला शिसारी येते.

आमच्या मोहल्ल्यामागे कोटात एक खिडकी आहे. खिडकी म्हणजे लहान दरवाजा, तिरडी घेऊन वाकून जाता येईल एवढा. पलीकडे झरपट नदी. मोहल्ल्यातलं माणूस शेवटचं निघतं ते याच खिडकीतून. मोठ्या गेटातून नेलं तर तो बेवारस गेला, असं जुने लोक मानतात.

गोकुळाबाई ढिवरीण, मासे विकते, तोंडाची फटकळ. तिचा नवरा मंगरू जन्मभर तलावात जाळी टाकून शेवटी लकव्यानं खाटेला खिळला. त्याचं एकच मागणं होतं, "बापाले नेलं त्या खिडकीतूनच मले ने." म्हणून टोपली डोक्यावर घेण्याआधी गोकुळाबाई रोज खिडकी झाडायची. बाटल्या, कोंबड्यांची आतडी, आणि जे मी लिहिणार नाही ते. भिंतीशी उभ्या पुरुषांना ती आयमायवरून शिव्या घालायची. ते निर्लज्ज हसायचे आणि काम पुरं करूनच जायचे.

शेवटी तिनं देवांच्या टाइल्स आणून खिडकीच्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या. शंकर, देवी, मारुती.

"देव पाहून तरी लाजतीन, राजदीपभाऊ," ती मला म्हणाली. आमच्या घरचा मान राखायला एक बुद्धाचीही आणली होती.

मी म्हटलं, "बाई, आमच्या बुद्धाले मुतारीची राखण नका देऊ." ओशाळून तिनं ती परत नेली.

लोक मात्र खरंच लाजले. मग कुणी शेंदूर फासला, कुणी नारळ फोडला. देव आले की मंडळ आलंच. पिंटू अध्यक्ष झाला. हा रोज तिच्याकडूनच मासे नेणारा. खिडकीत संगमरवर बसला, घंटा टांगली, नदीकडची बाजू विटांनी बुजली, पुढे जाळी आणि कुलूप. गोकुळाबाई खूश होती. विटा काय, वेळ आली की काढता येतील, असं तिला वाटायचं. घाण गेली म्हणून रोज दिवा लावायची.

पोळ्याच्या आधी मंगरू गेला. तिरडी खिडकीशी आली तेव्हा पिंटू जाळीपुढे उभा होता.

"मावशी, देवासमोरून मयत नाई नेता येत. गेटातून न्या ना."

"अरे, ते देव म्याच बसवले!"

"म्हणूनच म्हणतो. तुमच्याच देवाले विटाळ होईन."

विटाळ! त्या जागेला! खांदेकऱ्यांतल्या निम्म्यांनी ती भिंत स्वतः भिजवलेली, आणि तेच माना डोलावत होते. मी तोंड उघडलं तर पिंटू म्हणाला, "भाऊ, तुम्ही देव मानत नाई, तुम्ही बोलू नका."

तिरडी गेटातून निघाली. ट्रकवाले हॉर्न देत होते, कोळशाची धूळ मंगरूच्या तोंडावर बसत होती. बायका मयताबरोबर नदीवर जात नाहीत, पण गोकुळाबाई मागून चालत आली आणि तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

कोटाला वळसा घालून आम्ही नदीच्या अंगाला आलो. तिथं त्याच देवळाच्या पाठीशी, विटांवर, एक माणूस मुतत उभा होता. तिरडी पाहून त्यानं एक हात मोकळा केला, कपाळाला लावला, आणि उरलेलं काम चालू ठेवलं.

गोकुळाबाईनं तिरडी थांबवली. त्या ओल्या भिंतीकडे बघून ती मेलेल्या नवऱ्याला म्हणाली, "पाह्यलं का जी? मुतणाऱ्यायले मोकळीच हाय. म्या बंद केली ते फक्त तुमच्यासाठी."