ज्याच्या त्याच्या पाहुण्याचं जीपीएस

उमरग्याची गायत्री हट्टी आहे हे सांगणं म्हणजे ऊस गोड आहे हे सांगणं. पुण्यातली प्रोग्रामरची नोकरी सोडून ती घरी आली, इथंच राहून काम करीन म्हणून. आईनं, शिवगंगाबाईंनी, एवढंच विचारलं, "आन् न्हाय जमलं तर?"

"तर दिवाळीनंतर पुण्याला माघारी."

म्हणून पुण्याची बॅग खाटेखाली भरलेलीच राहिली.

पहिलं काम आलं ट्रकमालकांच्या संघटनेचं. कुणाची गाडी कुठं आहे, ते सगळ्यांना एकाच नकाशावर दिसायला हवं होतं. बैठक घेऊन एका कंपनीचं जीपीएस ठरलंही होतं. कंपनी आपल्या यंत्रासाठी तयार कोडचा संच देत होती.

"अक्का, ह्योच संच घालू. सांजच्याला काम खल्लास," बरोबर काम करणारा चुलतभाऊ विरेश म्हणाला.

"आन् उद्या कंपनी बदलली तर? तीच माहिती साध्या वेब-पत्त्यावर मिळती की. ब्राउझर मागतो तशी मागायची. ही रीत समद्यांना कळती."

घरात कन्नड, बाजारात मराठी, हे गायत्री रांगत्या वयापासून शिकली होती. कंपनीचा संच ही घरची बोली. गोड खरी, पण घरापुरती.

विरेश धुसफुसला, आणि त्याचंही चुकत नव्हतं. नेट तुटलं तर पुन्हा विचारणं, चुकीचं उत्तर सांभाळणं, सगळं हातानं लिहावं लागलं.

काम दाखवायच्या दिवशी मालक जमले आणि उघड झालं, की एकमत फक्त बैठकीपुरतं होतं. बाहेर पडल्यावर प्रत्येकानं आपापल्या पाहुण्याच्या दुकानातून जीपीएस घेतलं होतं. जितके पाहुणे तितक्या कंपन्या!

"मेव्हण्याचं दुकान असताना दुसऱ्याकडनं घ्यावं व्हय?" सगळ्यांत जुने मालक बंडप्पा म्हणाले. "तोंड कुठं दाखवावं मग?"

विरेशचा चेहरा उतरला. गायत्री मात्र पोट धरून हसली. "बसा मामा, चहा घ्या." एकेका कंपनीचा पत्ता टाकायचा, तिच्या उत्तरात गाडीची जागा कुठं लिहिलीय ते दाखवायचं, की झालं. चहाचे पेले फिरत राहिले आणि नकाशावर गाड्या उगवत राहिल्या.

अडली ती बंडप्पांची. मेव्हण्याच्या दुकानातल्या जीपीएसची कंपनी आपल्या संचाशिवाय बोलेचना.

"विरेश, एवढ्याच गाडीला त्यांचा संच लाव. कोपऱ्यात. बाकीच्याला हात न्हाय लावायचा."

विरेश खुलला. हे त्याचं आवडतं काम! थोड्या वेळानं शेवटची गाडीही उमटली, नळदुर्गात, जागच्या जागी उभी. बंडप्पांनी चष्मा चढवून निरखून पाहिलं.

"आरं, ही तर मेव्हण्याच्या दारात हाय! गाडीवरचं माझं पोरगं माल तसाच टाकून मामाकडं जेवाया बसलंय!"

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. संघटनेनं वर्षभराचं काम तिथंच देऊन टाकलं.

गायत्री घरी धावली, पण बातमी तिच्या आधी पोचली होती. खाटेखाली बॅग होती, मात्र तिच्यात कपड्यांऐवजी गोधड्या कोंबलेल्या. गायत्रीनं एक गोधडी हातात घेतली.

"अव्वा, मला बॅग लागली तर?"

"कशाला लागती?" शिवगंगाबाई म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी उलटली.